ही नाचायला सुरुवात कधी करणार?

मागच्या हिवाळ्यात मावशीला एका समकालीन नृत्याच्या, म्हणजे कंटेम्पररी डान्सच्या कार्यक्रमाला घेऊन गेले होते. मावशी दादरची, शाळेतून निवृत्त झालेली. लहानपणी गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका परीक्षेपर्यंत कथक केलेलं, त्यामुळे नाचाबद्दलची तिची मतं पक्की. हॉल छोटासाच, सत्तर-ऐंशी खुर्च्या. पडदा नाही, तबला-पेटी नाही. दिवे लागले तेव्हा मागच्या भिंतीपाशी राखाडी पँट-बनियनमधली एक मुलगी उभी होती. ती खाली बसायला लागली आणि पुढची दहाएक मिनिटं ती बसतच होती. म्हणजे बसण्याची क्रियाच तेवढा वेळ चालली होती. पाचव्या मिनिटाला मावशीने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "अगं, ही नाचायला सुरुवात कधी करणार?"

परतताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कळलं काही नाही. पण माझ्या मांड्या का गं भरून आल्यात?"

या लेखाचा खटाटोप तिच्या या दोन प्रश्नांसाठी आहे. पहिला तर खूप जण विचारतात. दुसरा प्रश्न जास्त मोलाचा, पण तो पडला तरी लोक सहसा बोलून दाखवत नाहीत.

टीव्हीवरचं 'कंटेम्पररी'

आपल्याकडे बहुतेकांनी हा शब्द डान्सच्या रिअॅलिटी शोमध्ये ऐकलेला असतो. हळवं गाणं, मोकळे केस, जमिनीवर लोळण, मग एक अवघड उचल, आणि शेवटी डोळे पुसत उभे राहिलेले परीक्षक. त्यातलं कसब खोटं नाही. तशी उडी मारायला वर्षं जातात. पण तिथे अंगाला काम नेमून दिलेलं असतं: गाण्यातली गोष्ट प्रेक्षकांपर्यंत पोचवायची.

समकालीन नृत्य हा लावणी किंवा भरतनाट्यमसारखा एक ठरीव प्रकार नव्हे. ठरलेली पावलं, ठरलेला वेश, ठरलेला ताल यातलं काहीच गृहीत न धरता, शरीर काय काय करू शकतं आणि ते असं वागायला कुठे शिकलं, हे तपासत रचलेला नाच, अशी त्याची कामचलाऊ व्याख्या करता येईल. यात गोष्ट सांगायला शरीर वापरतात असं नाही, बहुतेकदा शरीर हीच गोष्ट असते.

हे ऐकायला जड वाटतं, पण आपल्याला त्याची सवय आहे, फक्त दुसऱ्या दालनात. मैफलीत गवई अर्धा तास आलाप करतो. शब्द नाहीत, कथा नाही. तरी "याचा अर्थ काय?" असं शेजारच्याला कोणी विचारत नाही. सूर कुठे टेकला, कुठून सुटला, हेच आपण ऐकत असतो. समकालीन नृत्यातला बराचसा भाग हा अंगाचा आलाप आहे. नाचात मात्र आपण बंदिशीचे शब्द शोधत बसतो आणि ते सापडले नाहीत की चिडतो.

अंगवळणी पडणं म्हणजे काय

मराठीत एक फार नेमका शब्द आहे: अंगवळणी. एखादी गोष्ट डोक्यात शिरते ते वेगळं आणि अंगाच्या वळणात जाऊन बसते ते वेगळं. विळीवर बसून भाजी चिरणारी बाई बोटांकडे बघत नाही. दिवे गेले तरी घास बरोबर तोंडातच जातो. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे, गुडघा किती वाकलाय, हे शरीराला कळत असतं. याला 'स्व-स्थितीचं भान' म्हणू. हा शब्द एवढ्यापुरताच, पुढे नुसतं 'भान' म्हणते.

गंमत अशी की आपल्याला नैसर्गिक वाटणाऱ्या हालचाली बऱ्याचदा शिकवलेल्या असतात. मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने १९३४ साली पॅरिसमध्ये याच विषयावर व्याख्यान दिलं होतं. त्यात त्याने पहिल्या महायुद्धातला अनुभव सांगितला. इंग्रज सैनिकांना फ्रेंच फावड्यांनी खणता येईना. त्यामुळे फ्रेंच तुकडीच्या जागी इंग्रज तुकडी आली की एकेका डिव्हिजनमागे ८,००० फावडी बदलावी लागत. माणसं धडधाकट, माती तीच, पण खणण्याचं वळण वेगळं. त्याच व्याख्यानात तो न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलमधल्या नर्सेसबद्दलही बोलतो. आजारी होऊन तिथे पडलेला असताना त्याला वाटलं, ही चाल आपण कुठेतरी पाहिलीय. मग आठवलं, सिनेमात! फ्रान्सला परतल्यावर पाहतो तर पॅरिसच्या मुलीही तशाच चालायला लागलेल्या.

आता आपल्या घरात बघा. नऊवारीतली आजी, पाचवारीतली आई आणि जीन्समधली मुलगी यांची पावलं एका मापाची पडत नाहीत. मुलींनी पाय जुळवून बसायचं, मुलग्यांनी पसरून बसलं तरी चालतं, हे कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही. ते गुडघ्यांत जाऊन बसलंय. लोकलच्या बायकांच्या डब्यात चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून अंग चोरून बसलेली बाई घरी सोफ्यावर एकटी असतानाही तशीच बसते, हे मी स्वतः पाहिलंय. ती बाई मीच.

समकालीन नृत्य या वळणांमध्ये हात घालतं. ती मुलगी दहा मिनिटं बसत होती तेव्हा 'बसणं' ही अंगवळणी पडलेली गोष्ट ती शिवण उसवावी तशी आमच्यासमोर उसवत होती.

वरून खाली, जमिनीकडे

युरोप-अमेरिकेतला थोडा इतिहास इथे लागतो. तो भराभर सांगते. बॅलेचं सगळं लक्ष वर. पायाच्या टोकावर उभं राहायचं, वजन जणू नाहीच असं दाखवायचं, दमलेला श्वास ऐकू येऊ द्यायचा नाही. विसाव्या शतकाच्या तोंडावर अमेरिकन नर्तकी इझाडोरा डंकनने बूट काढले आणि अनवाणी नाचायला लागली. मार्था ग्रॅहमने श्वास लपवायच्या ऐवजी त्यावरच तंत्र उभारलं: श्वास सोडताना पोट-पाठ आत खेचायची, घेताना मोकळी करायची. तिच्या १९३०च्या 'लॅमेंटेशन'मध्ये नाचणारी बाकावर बसलेली असते, अंगावर जांभळ्या ताणल्या जाणाऱ्या कापडाची नळी. चेहऱ्यावर अभिनय नाही. आतून कोपर, गुडघा रेटला की कापडावर जी सुरकुती पडते तेच तिचं दुःख.

मर्स कनिंगहॅमने संगीतालाही सुट्टी दिली. जॉन केजने संगीत वेगळं रचायचं, यांनी नाच वेगळा बसवायचा, आणि अनेकदा दोघांची गाठ थेट पहिल्या प्रयोगाला. लग्नाच्या मांडवात सनई आपली चाललेली असते, पंगत आपली चाललेली असते, दोघांचा एकमेकांशी संबंध नसतो आणि तरी सगळं मिळून लग्न होतं, तसंच काहीसं. १९६२पासून न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमध्ये जमणाऱ्या तरुणांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्यातल्या स्टीव्ह पॅक्स्टनने १९६७ साली केलेल्या रचनेत माणसं रंगमंचावरून चालत जातात, थांबतात, खुर्चीवर बसतात. एवढंच. याच पॅक्स्टनने १९७२मध्ये एकमेकांच्या अंगावर भार टाकत, भार घेत नाचायची पद्धत सुरू केली. विरार फास्टला लोंबकळणाऱ्या माणसाला ती शिकवावी लागणार नाही. आपला तोल शेजारच्याच्या खांद्यात असतो आणि त्याचा आपल्या पाठीत, हे तो रोज करतो. फरक इतकाच की तिथे अनोळखी अंग सहन करायचं असतं, इथे त्याच्याकडे लक्ष द्यायचं असतं.

वाड्याची चंद्रलेखा

समकालीन नृत्य म्हणजे परदेशी खूळ असं ज्यांना वाटतं त्यांना मी चंद्रलेखा या नर्तकीबद्दल सांगते. जन्म १९२८, आपल्या वाड्याचा, आजच्या पालघर जिल्ह्यातला. कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडून ती मद्रासला गेली आणि कांचीपुरम एल्लप्पा पिळ्ळै यांच्याकडे भरतनाट्यम शिकली.

१९५२ साली तिचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. निमित्त होतं रायलसीमातल्या दुष्काळासाठी मदतनिधी. ती नाचत होती यमुनेवर: भरलेली नदी, गोपींची जलक्रीडा, पाणीच पाणी. नाचता नाचता तिला वर्तमानपत्रांतले फोटो आठवले. भेगाळलेली जमीन, हातात छोटे डबे घेऊन रांगेत उभी माणसं. आणि ती थिजली. आपले हात पाणी दाखवतायत आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांच्याकडे थेंब नाही! हा प्रसंग तिने स्वतः पुढे अनेकदा सांगितला. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण नाचणारं शरीर आणि तहानलेलं शरीर ही दोन शरीरं तिथे पहिल्यांदा तिच्यासमोर एकत्र आली. पुढचं सगळं काम त्या फटीतून निघालं असं मला वाटतं.

काही वर्षं ती रंगमंचापासून लांबच राहिली. स्त्रियांच्या चळवळीत काम केलं, पोस्टर्स केली. परतली ती १९८४ साली, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात भरलेल्या पूर्व-पश्चिम नृत्यसंवादात. पुढच्याच वर्षी 'अंगिका' आलं. त्यात देव नव्हते, वाट पाहणारी नायिका नव्हती. भरतनाट्यमच्या शेजारी केरळची युद्धकला कलरीपयट्टू आणि योग उभे होते. भरतनाट्यममध्ये गुडघे बाहेर वळवून अर्धं बसतात त्याला अरमंडी म्हणतात. कलरीत खाली, रुंद पायांवर बसून वार झेलतात. हे दोन्ही शेजारी ठेवले की दिसतं, नाच आणि लढाई एकाच मांडीतून उठतात. दागिने, केसांतले गजरे, लाडिक मान हे सगळं बाजूला केल्यावर भरतनाट्यमचं जे हाड उरतं तेच तिला दाखवायचं होतं.

१९८९मध्ये तिने भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तल्या गणितांवर नृत्य बसवलं. ज्यांच्या नातवाने गणित-ज्योतिषाच्या मठासाठी कोरवलेला शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणला आहे, तेच भास्कराचार्य. पुढे 'श्री'मध्ये तिने कणा घेतला: कंबरेतून मोडल्यासारख्या वाकून चालणाऱ्या बायका. मराठीत 'कणा असणं' म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगायला नको. तिने तो वाक्प्रचार मणक्यांनी लिहिला. शेवटचं काम 'शरीर', २००१चं. एक स्त्री, एक पुरुष, गुंदेचा बंधूंचं धृपद आणि इतका संथ वेग की एक पाय उचलून उघडेपर्यंत आपल्याला आपला श्वास ऐकू यायला लागतो. २००६च्या डिसेंबरात ती गेली.

पण हे तर कोणीही करेल!

हा आक्षेप मला आवडतो, कारण तो लगेच तपासता येतो. एका खुर्चीवर बसा. हात मांडीवर. आता उठून उभे राहा, पण पूर्ण एक मिनिट लावून, मध्ये कुठेही न थांबता.

पहिली पंधरा सेकंदं काही वाटत नाही. धड नुसतं पुढे झुकतंय. मग एक क्षण येतो की बूड खुर्चीवरून सुटायच्या बेतात असतं. सारं वजन बैठकीवरून पावलांवर सरकायला हवं आणि ते सरकत नाही. एरवी आपण इथे झटका देतो, हातांनी रेटा देतो, 'हुश्श' करतो. रोज पन्नास वेळा देतो आणि आपल्याला पत्ता नसतो. झटका बंद केला की मांड्या थरथरतात, पायाची बोटं जमीन पकडायला लागतात, श्वास आपोआप कोंडतो. बहुतेक जण इथे तरी परत खुर्चीत बसतात, नाहीतर एकदम उभे होतात. नर्तकी ते दहा मिनिटं करते, श्वास न कोंडता, चेहरा न ताणता.

म्हणजे 'कोणीही करेल' हे अर्धं खरं. उठणं कोणीही करतं. उठताना काय काय घडतं ते दिसेल असं उठणं फार थोड्यांना जमतं.

मावशीच्या मांड्या

आता तिचा दुसरा प्रश्न. क्रिकेट बघताना कोणी यष्टीकडे झेप घेतली की सोफ्यावरच्या काकांचा पाय पुढे सरकतो. कोणाला ठेच लागलेली पाहिली की आपलं बोट आखडतं. दुसऱ्याचं शरीर आपण नुसत्या डोळ्यांनी बघत नाही, आपलं भानही त्यात सामील होतं.

यावर लंडनच्या संशोधकांनी एक छान प्रयोग केला होता, २००५ साली प्रसिद्ध झालेला. बॅलेचे नर्तक, ब्राझीलच्या कापोएरा या युद्धनृत्याचे जाणकार आणि नाचाशी संबंध नसलेले लोक यांना दोन्ही प्रकारांची दृश्यं दाखवली आणि त्या वेळी त्यांचा मेंदू तपासला. हालचालीशी निगडित भाग बॅलेवाल्यांचे बॅले बघताना जास्त जागे झाले, कापोएरावाल्यांचे कापोएरा बघताना. हालचाल सारखी दिसत असली तरी जी अंगवळणी आहे तीच आत जास्त वाजते.

मग प्रश्न येतो, मावशीने समकालीन नृत्य कधी केलंय? कधीच नाही. पण बसणं-उठणं तिने पंच्याहत्तर वर्षं केलंय, आणि गुडघ्यांमुळे अलीकडे जरा विचार करूनच केलंय. त्या हॉलमध्ये त्या हालचालीची तिच्याएवढी जाणकार क्वचितच कोणी असेल. तेव्हा 'कळलं नाही' हे तिचं म्हणणं मला मान्य नाही. कळलं होतं, फक्त डोक्याकडून पावती आली नव्हती.

नक्कल आणि अंगप्रदर्शन

समकालीन नृत्य ही पाश्चात्यांची नक्कल, असाही एक आक्षेप असतो. पण नक्कल म्हणावी तर कोणी कोणाची? मार्था ग्रॅहम जिच्याकडे शिकली ती रूथ सेंट डेनिस १९०६ साली अमेरिकेत 'राधा' नावाचा नाच करत होती, तेव्हा तिने भारत पाहिलाही नव्हता. उदयशंकर १९२३मध्ये लंडनला रशियन बॅले-नर्तकी अॅना पावलोव्हाबरोबर राधा-कृष्ण नाचले. भरतनाट्यमसाठी ओळखल्या जाणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल आधी बॅले शिकत होत्या. आपल्या मातीतलं शोध, असं त्यांना पावलोव्हानेच सुचवलं. आणि आज ज्याला आपण प्राचीन भरतनाट्यम म्हणून हात जोडतो, त्याचं हे नाव आणि हा रंगमंचावरचा सभ्य थाट १९३०च्या दशकात रुजला. त्याआधी देवदासींच्या घराण्यांत ते सदिर होतं. शरीरं बदलली, घरं बदलली, नाव बदललं. परंपरा शुद्ध आणि समकालीन भेसळ, ही वाटणी टिकत नाही.

अंगप्रदर्शनाचा आक्षेप 'शरीर'सारख्या कामावर हमखास येतो, पाय उघडतात म्हणून. आयटम साँग मात्र लग्नाच्या संगीतात सहा वर्षांच्या पोरी नाचतात आणि आपण टाळ्या वाजवतो. मला वाटतं कातडी किती दिसते यावर आपली अस्वस्थता अवलंबून नसते. आयटम साँगमधली बाई आपल्याकडे बघून डोळा मारते, म्हणजे ती आपल्यासाठी आहे. 'शरीर'मधली बाई आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही. ती तिच्या कामात आहे. तेच झेपत नाही.

कोणाचं शरीर?

सुधा चंद्रनची गोष्ट आपल्या पिढीने लहानपणापासून ऐकली. १९८१चा अपघात, गमावलेला पाय, जयपूर फूट, १९८४मध्ये पुन्हा रंगमंचावर. त्या जिद्दीला तोड नाही. पण आपण कौतुक कशाचं केलं ते आठवा: 'कळतसुद्धा नाही हो, पाय नकली आहे!' शास्त्रीय नृत्याला एक आदर्श शरीर हवं असतं आणि तिने ते परत मिळवून दाखवलं. समकालीन नृत्य इथे वेगळा फाटा घेतं. त्याला तो पाय वेगळा आहे हेच बघायचं असतं: भार कसा बदलतो, वळताना काय होतं.

जर्मन नृत्यदिग्दर्शक पिना बाउशने 'कॉन्टाक्टहोफ' ही १९७८ची रचना २००० साली पुन्हा बसवली ती वुपरटाल गावातल्या ६५ वर्षांवरच्या हौशी बायका-पुरुषांना घेऊन, आणि २००८मध्ये शाळकरी वयाच्या मुलांना घेऊन. हालचाली त्याच. पण एकमेकांना चाचपडत जवळ येणारे म्हातारे आणि तेच करणारी पोरं, यांत दोन वेगळी नाटकं दिसतात. आपल्या मुंबईचे नर्तक अस्ताद देबू कोलकात्यात आणि चेन्नईत ऐकू न येणाऱ्या मुलांबरोबर वर्षानुवर्षं काम करत राहिले. ताल कानातच असतो हा आपला गैरसमज. तो नजरेने, मोजणीने, शेजारच्याच्या श्वासाने धरता येतो, आणि धरला की त्या नाचात एक वेगळीच एकाग्रता येते.

मग सगळंच चांगलं म्हणायचं का?

मुळीच नाही. वाईट समकालीन नृत्य मी भरपूर पाहिलंय. जमिनीवर लोळणं, भिंतीकडे टक लावून बघणं, मागे पाण्याच्या थेंबांचा आवाज आणि पत्रकात न कळणाऱ्या शब्दांचा ढीग. माझी परीक्षा साधी आहे. पत्रक बॅगेत ठेवायचं. नाचणाऱ्याला आपण काय करतोय हे अंगात ठाऊक आहे का, की तो 'खोल' दिसण्याचा अभिनय करतोय? पाऊल टेकताना कोणतं बोट आधी टेकतं, इथपर्यंत लक्ष पोचलं असेल तर मी बसून राहते. नसेल तर मध्यंतरात चहा घेते आणि निघते. मध्यंतर सहसा नसतं, हा या कलेचा मोठाच दोष म्हणायला हवा.

परवा मावशीचा फोन आला होता. तिने खुर्चीचा प्रयोग केला म्हणे, घड्याळ लावून. चाळीस सेकंदांपर्यंत आली आणि धपकन बसली. "आणि हे बघ," म्हणाली, "पुढच्या वेळी पुढची रांग घे. त्या मुलीची पावलं मला नीट दिसतच नव्हती."